तळ्यासाठी जुना चेंडू

सकाळपासून लिफ्टवाल्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. मेहुणा चेंडू मारायला उभा राहिला की हा दहा पावलं पुढे जायचा, परत यायचा, खिशातल्या किल्ल्या वाजवायचा.

"दाजी, जरा दम धरा," मेहुणा म्हणाला. "गोल्फ खेळायला आलोय, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नाही उभे आपण."

मेहुणा शिंपी, बायकोचा धाकटा भाऊ. ती गेल्यापासून लिफ्टवाला घराबाहेर पडायचा तो बिघडलेल्या लिफ्टपुरताच. आज मेहुण्याने त्याला जवळजवळ ओढतच नगरपालिकेच्या मैदानावर आणलं होतं. पूर्वी तो आणि बायको इथे दर सुट्टीला यायचे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं डोकं उलटंच चालतं. दोर कुठे झिजला असेल, दार कुठे अडकेल, हेच आधी दिसतं. कामात ते बरं. खेळात मात्र मन चिंती ते वैरी न चिंती. वाळूचा खड्डा दिसला की याचा चेंडू वाळूत, झाड दिसलं की झाडात. बायको नेमकी उलटी. चेंडू झुडपात गेला तर म्हणायची, "चला, सावली तरी मिळाली."

दोघे सातव्या होलला पोचले. इथे तळं होतं. झेंडा पलीकडच्या काठावर, मध्ये नुसतं पाणी. त्याचा हात आपोआप पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गेला आणि त्यातून एक जुना, ओरखडे पडलेला चेंडू निघाला. तळ्यासाठी तो नेहमी असलाच चेंडू काढायचा. चांगला कशाला घालवा?

बायको कमरेवर हात ठेवून हसायची. "लोक देव पाण्यात घालून बसतात, तुम्ही चेंडू घालून बसता. जुना काढलात म्हणजे बुडवायचं ठरलंच की!"

शेवटच्या आजारात, दवाखान्यातही तिने त्याची थट्टा सोडली नव्हती. तो खाटेशेजारी बसून कधी सलाइनकडे बघायचा, कधी दाराकडे. एकदा ती म्हणाली, "अहो, तळ्यावरचं तोंड करून बसू नका. मी अजून आहे ना इथे?"

त्याला ते जमलं नाही. आणि ती गेली तेव्हा मनातल्या मनात केलेली सगळी तयारी कवडीच्याही उपयोगाची निघाली नाही.

त्याने जमिनीत छोटी लाकडी खुंटी रोवली आणि जुना चेंडू तिच्यावर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मग शर्टाचा खिसा चाचपला. तिथे तिचा चेंडू होता, नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला, शेवटचा उरलेला. शर्ट बदलला की चेंडूही त्या खिशातून या खिशात. दिवसातून वीसदा तो चाचपून बघायचा, पडला तर नाही ना म्हणून.

आताही त्याने तेच केलं, आणि स्वतःचाच त्याला कंटाळा आला. त्याने तो चेंडू बाहेर काढला.

"ताईचा?" मेहुण्याचा आवाज खाली आला.

"बुडेल रे."

"बुडेलही."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

मेहुण्याने आपल्या बाहीचा सुटलेला दोरा तोडला. "मला नका विचारू, दाजी. कापायच्या आधी कापड वाया जाईल म्हणत बसलो, तर गावभर लोक उघडे फिरतील."

लिफ्टवाल्याला हसू आलं आणि नाकही ओढावं लागलं. त्याने जुना चेंडू पिशवीत टाकला, तिचा खुंटीवर ठेवला. पाण्याकडे बघितलं नाही. झेंड्याकडे बघितलं आणि काठी फिरवली.

आवाज स्वच्छ आला. चेंडू उंच गेला, तळं ओलांडून पलीकडच्या गवतावर टेकला.

"गेला!" मेहुणा ओरडला.

मग चेंडू उतारावर थोडा मागे सरकला, आणखी थोडा, आणि डुबुक.

"अरेरे! वीतभर हो, दाजी! वीतभर!"

लिफ्टवाला तसाच उभा राहिला. हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता. पण पाय जागचे हलले नव्हते. किल्ल्या गप्प होत्या.

"एक चेंडू दे," तो म्हणाला.

मेहुण्याने घाईने आपल्या पिशवीत हात घालून एक पिवळा पडलेला चेंडू काढला. "हा घ्या. गेला तरी..."

"हा नको," लिफ्टवाला म्हणाला. "चांगला दे."