आधीच्या प्रश्नाचं उत्तर

माझ्या धाकट्या भावाला जराही दम निघत नाही. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले नाहीत, तोच याचा फोन. "ताई, बाबांना आता काही कळत नाही. रविवारी येतो, त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू."

माझं डोकंच फिरलं. बाबांना इथून कोण हलवतो, बघतेच! पण मनातून मीही घाबरले होते. आदल्याच दिवशी "चहा हवा?" विचारलं, तर बाबा गप्प. "पंखा बंद करू?" म्हटलं, तर "हो". बंद केला, तर बिचारे घामाघूम होऊन बसले.

मी पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. त्या आठवड्यात आमची टाकी तीनदा वाहिली. मीटर ठणठणीत, पंपही ठणठणीत. पण वीस यंत्रं एकाच लाइनवर एकदम बोलायची आणि निरोप अडकून पडायचे. टाकी काठोकाठ भरल्यावर "अर्धी आहे" हा मघाचा निरोप पोचायचा आणि पंप आपला इमानेइतबारे चालूच. मग मी प्रत्येक यंत्राला पाळी ठरवून दिली, निरोपावर तो निघाल्याची वेळ घातली. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचा हुकूम सोडायचा नाही, हा नियम टाइप करताना हात थांबला.

अगं बाई! तो "हो" चहाचा होता.

घरी जाऊन बाबांना एकेकच प्रश्न विचारला आणि घड्याळ बघत बसले. दर वेळी नऊ सेकंद लागले, पण उत्तर बिनचूक. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. चहा मात्र दोनदा केला, मागच्या वेळचा राहिला होता ना.

रविवारी भाऊ आला. बूटही न काढता सुरू. "बाबा, मी कोण? जेवलात का?"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धाकटा."

त्याचे डोळे भरले. "बघ ताई. जेवलात का विचारलं, तर..."

"गाढवा, ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. आता तोंड मिटून बस."

"जेवलो," बाबा म्हणाले.

भाऊ मटकन खालीच बसला. बाबांचा हात धरून त्याने हळूच विचारलं, "बाबा, कुठे राहायचंय तुम्हाला?" मी मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. ओठ दाबून तो काटा बघत राहिला. सात. आठ. नऊ.

"इथे," बाबा म्हणाले. आणि जरा थांबून, "तू जेवलास?"

एवढा घाईचा माणूस, पण त्याला उत्तर द्यायला बाबांपेक्षा जास्त वेळ लागला.