पाण्याचं विरजण

"बाई, आमच्या घरचं पाणी चालेल का?"

हे वर्गात विचारून दाखव, अशी पैज शेवंतीने मधल्या सुट्टीत लावली होती. तुझ्यात कुठली हिंमत, म्हणाली. म्हणून मी मुद्दाम उभी राहून खणखणीत विचारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आम्ही दोघी डिलाईल रोडच्या एकाच चाळीतल्या, आणि गेल्या दसऱ्यानंतर आमची अख्खी चाळ बौद्ध झाली हे शाळेत सगळ्यांना ठाऊक.

झालं होतं असं की शाळेने माशांसाठी नवी काचेची पेटी घेतली, नळाचं पाणी भरलं, मासे सोडले आणि आठवड्यात सगळे मेले. विज्ञानाच्या कौसल्याबाई म्हणाल्या, नव्या पाण्यात माशांची घाण जिरत नाही, तीच त्यांना विष होते. दह्याला लागतं तसं पाण्यालाही विरजण लागतं, जुन्या पेटीतली वाळू आणि पाणी. मग पेटी मुरू द्यायची. आहे का कुणाकडे जुनी पेटी? आमच्याकडे होती. माझ्या वडिलांनी, दादांनी, गिरणीच्या हौदातले गप्पी मासे घरी आणून वाढवले होते.

बाई म्हणाल्या, "चालेल की. उद्याच आण."

मी नाचतच घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्यातून वाळू आणि पाणी नेलं. काही मुलींनी नाकाला रुमाल लावले, लावू देत. पेटी आधी गढूळ झाली, मग हळूहळू निवळली. काचेवर हिरवट बुळबुळ धरली तेव्हा बाई खूश झाल्या. आता नवे मासे आणू या, म्हणाल्या.

सोमवारी जाऊन बघते तर पेटी लख्ख. सोड्याने घासलेली, वाळू नवी, पाणी नळाचं. शनिवारीच आमच्या मुरलेल्या पाण्यात सोडलेले मासे आता वर तोंड काढून धापा टाकत होते. राधाबाई शिपाईण हळूच म्हणाली, काही पालक येऊन गेले, ते पाणी नको म्हणाले, मोठ्या बाईंनी ओतायला लावलं. मी कौसल्याबाईंकडे पाहिलं. त्या कोरा फळा पुसत राहिल्या.

शाळा सुटल्यावर मी मासे डब्यात घेतले आणि घरी आणून आमच्या पेटीत सोडले. कुणाला विचारलं नाही. दिवेलागणीपर्यंत ते तळाशी फिरायला लागले.

दादा संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून आले. आईने त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, चोर म्हणतील, नाव काढून टाकतील, चाळीतली कुठली पोर नववीपर्यंत पोचली होती?

दादा पेटीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मोर्च्यात सगळे खांद्याला खांदा लावून चालतो गं आम्ही." आईकडे वळून म्हणाले, "सकाळी मी येतो शाळेत. मासे देतो, माफी मागतो."

"तुम्ही यायचं नाही, दादा," मी म्हटलं. "आई, तूही ऐक. मासे इथेच राहणार. उद्या प्रार्थना झाली की मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, मीच नेलेत, आणि कुणाच्या पाण्यात जगले तेही. नाव काढायचं तर काढू देत."