चढावरचा एसी

साखळीला टांगलेलं इंजिन बोटभर खाली आलं आणि चष्मेवाल्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"मामा, तुम्ही डोळे मिटले की टॉर्चपण भलतीकडेच जाते," भाचा म्हणाला.

खरंच, उजेड गॅरेजच्या छतावर गेला होता. चष्मेवाल्यांनी तो ओशाळून गाडीच्या उघड्या पोटावर आणला. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या माणसाला समोरचं एवढंही बघवत नव्हतं.

गाडी इटालियन होती, गडद निळी, बावीस वर्षांची. दिसायला ऐटदार, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी, पण चढ आला की धापा टाकणारी. कंपनीने ही गाडी दोन इंजिनांत काढली होती, एक चार सिलिंडरचं आणि एक सहाचं. शोरूममध्ये बायकोने दोन्ही चालवून पाहिल्या आणि खाली उतरून म्हणाली, "मोठं इंजिन घेऊ या." चष्मेवाले म्हणाले, "आपल्याला काय शर्यत लावायची आहे?" आणि त्यांनी छोट्यावर सही ठोकली.

आपलं चुकलं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात, घराकडच्या चढावर कळून चुकलं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. गाडीला दम कमी आहे का हो, असं कुणी विचारलंच तर ते शर्यतीचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकत. बायको मात्र कधी एका शब्दाने बोलली नाही. चढाच्या पायथ्याशी आलं की ती हात पुढे करून एसी बंद करी, म्हणजे इंजिनावरचा तेवढाच भार कमी. माथ्यावर पोचलं की पुन्हा चालू करी. तिने टोमणा मारला असता तर चष्मेवाल्यांनी उलट चार शब्द सुनावले तरी असते. त्या बटणाला काय सुनावणार?

मग दोन महिन्यांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, मेव्हणी आणि साडू मागच्या सीटवर होते. चढ आला, बायकोने एसी बंद केला. साडू घामाने निथळत म्हणाले, "अहो, हे काय, बंद का केलंत?"

"मला गारठा बाधतो हो," बायको म्हणाली. बाहेर डांबर वितळत होतं.

त्या रात्री चष्मेवाल्यांना झोप लागली नाही. ती बावीस वर्षं आपल्याला सांभाळून घेत आली आहे, हे त्यांना साडूंच्या ओल्या शर्टाकडे बघून समजलं होतं. तिच्यापुढे उभं राहून "माझं चुकलं" म्हणायची त्यांची छाती नव्हती. पण गाडी तरी सुधारता येण्यासारखी होती, तिच्या नकळत.

भाच्याच्या गॅरेजच्या मागे याच जातीची, सहा सिलिंडरवाली एक गाडी पडून होती. मागून ट्रकने चेचलेली, पुढून ठणठणीत. बायको मेव्हणीकडे आठ दिवस राहायला गेली आणि दुपारीच चष्मेवाले गाडी घेऊन गॅरेजात हजर झाले.

"तुझ्या मामीला कळता कामा नये."

"गळ्याशपथ," भाच्याने ग्रीसचा हात गळ्याला लावला.

"डिकीवरचा इंजिनाचा आकडा बदलायचा नाही. आणि आवाज जुन्यासारखाच राहू दे."

"वाघ आणायचा आणि त्याला म्याव कर म्हणायचं?" भाचा हसला. "सायलेन्सर मोठा बसवतो. त्याउप्पर तुमचं नशीब."

भाच्याचा हिशेब आठ दिवसांचा होता. सहाव्या दिवशी इंजिन जागेवर बसलं आणि त्याखालचा तेलाचा चेंबर आडव्या बीमला टेकला. जेमतेम दोन बोटं, पण लोखंडाला दोन बोटं सरक म्हणून कोण सांगणार? चेचलेल्या गाडीचा बीमच काढून आणायला हवा होता. म्हणजे इंजिन पुन्हा वर, पुन्हा साखळी. तीन दिवसांनी सकाळी बायको स्टँडवर उतरणार आणि गाडी अशी पोट फाडून पडलेली. चष्मेवाले जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी फोन आला.

"अहो, ताई सोडत नाहीये. आणखी दोन दिवस राहू का?"

"रहा की!" चष्मेवाले इतक्या जोरात म्हणाले की भाच्याच्या हातातला पाना पडला. "बहिणीकडे काय रोज रोज जातेस? निवांत रहा."

दहाव्या दिवशी बीम बसला, इंजिन बसलं, जड नाकासाठी पुढच्या स्प्रिंगाही बदलल्या, पण वायरिंगचा गुंता सुटेना. चावी फिरवली की गाडी नुसती हूं करून गप्प. आणि पुन्हा फोन आला. ताईचा गुडघा जरा दुखतोय, दोनच दिवस.

"माझं नशीब जोरावर आहे बघ," चष्मेवाल्यांनी फोन खिशात ठेवत म्हटलं. भाच्याला नेमका तेव्हाच पलीकडच्या फळीवरचा स्क्रू-ड्रायव्हर हवा झाला. तो बराच वेळ पाठमोरा राहून शोधत होता.

बाराव्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, गाडी सुरू झाली. आवाज जुन्यासारखा मुळीच नव्हता. खर्जातला, समाधानी आवाज होता तो. चष्मेवाल्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी ते पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्टँडवर भेटली. तिने बॅग मागे टाकली, पर्स मांडीवर घेतली, पट्टा लावला. चष्मेवाले एकीकडे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि दुसरीकडे बहिणीची, गुडघ्याची, साडूंची सगळी चौकशी मोठ्या आवाजात करत होते, कारण गप्प बसलं की इंजिन ऐकू येत होतं.

"ओरडताय कशाला?" ती म्हणाली. "मी इथेच बसलेय."

गावातून त्यांनी गाडी अशी हाकली की जणू मागच्या सीटवर काचेची भांडी ठेवली आहेत. पाय पेडलला नुसता टेकवायचा. आणि चढाचा पायथा आला.

पुढे एक सिमेंटचा ट्रक कण्हत चढत होता. चष्मेवाले नेहमीप्रमाणे त्याच्या मागे लागले, नेहमीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये. धापा टाकायला गाडी तयार नव्हती, म्हणून तिच्या वाटच्या धापा त्यांनी स्वतःच टाकल्या. डोळे रस्त्यावर होते, पण सगळं लक्ष त्या बटणाकडे. आता तिचा हात येईल. आला की तिला काहीच कळलेलं नाही असं समजायचं.

हात आला नाही.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गार वारा तोंडावर येत राहिला. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते, आणि ती सीटला पाठ टेकून खिडकीबाहेर बघत होती. या चढावर तिला असं रेलून बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"रविवारी भाच्याला जेवायला बोलवा," ती बाहेर बघतच म्हणाली. "बारा दिवस राबला बिचारा."

चष्मेवाल्यांच्या हातातलं स्टीअरिंग तसूभरही हललं नाही, एवढं त्यांना जमलं. ताईचा गुडघा. आणखी दोन दिवस, मग आणखी दोन. फळीवर हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर. एकेक करून सगळं जुळलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्यांना एकदम हलकं वाटलं.

"तेव्हाच मोठं घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस. माझंच चुकलं."

पर्सची चेन उघडून तिने रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

"ट्रकचा किती धूर येतोय," थोड्या वेळाने ती म्हणाली.

पुढचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. चष्मेवाल्यांनी इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. गाडीने खालून एक हुंकार दिला, दोघांच्याही पाठी सीटमध्ये रुतल्या आणि ट्रक बघता बघता आरशात गेला.

"अहो!" तिने दाराची मूठ पकडली. मग थेट त्यांच्या शोरूममधल्या आवाजात, मान तशीच किंचित वाकडी करून ती म्हणाली, "आपल्याला काय शर्यत लावायची आहे?"

"हो," चष्मेवाले म्हणाले.