बाधित व्यक्ती: निरंक

सरकारी जंगलातल्या त्या चौकीत वनरक्षकाचं कार्यालय आणि घर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि ते नीट लागत नव्हतं. पुढच्या खोलीत टेबल, शिक्के आणि भिंतीवर नियोजित कामांची यादी: विजेची तार, वणवा अडवायचे पट्टे, शहराला पाणी नेणारी पाइपलाइन. खाली नेहमीची ओळ: कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. बावीस वर्षांत अशा चाळीसएक याद्या त्याने चिकटवल्या आणि खरवडून काढल्या. वाचणार कोण? माकडांचा विजेच्या तारेला विरोध असावा, पण ती लेखी देत नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी जेवताना बायकोने ताटाशेजारी कागद ठेवला.

"हे काय?"

"हरकत."

"अगं, जेवू दे की. कार्यालयीन वेळेत आण."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती खरोखरच घराला वळसा घालून पुढच्या दाराने आली आणि रांगेत उभी राहिली. रांगेत ती एकटीच होती.

"बोला," तो सवयीने म्हणाला.

"बोलते. पाइप माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चार हातांवरून जाणार. मी बावीस वर्षं ओढ्यावरून पाणी आणतेय. दोन बादल्या, चढ, रोज चार खेपा. गुडघे माझे आहेत, सरकारचे नाहीत. मला नळ हवा."

त्याने शिक्का मारून पोच दिली. हरकत आली की साहेबांनी जागेवर येऊन ऐकायची, असा नियम होता. तो वापरायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे साहेबही जरा गांगरूनच आले. चहा घेतला, घाम पुसला, फाइल चाळली.

"बाई, नळ फक्त बाधित व्यक्तीला देता येतो. आणि पाहणी अहवालात आहे, मार्गालगत राहती घरं: निरंक. बाधित व्यक्ती: निरंक."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे कोणी राहत नाही."

"मग आत्ता चहा कोणी दिला तुम्हाला?"

साहेबांनी कपात पाहिलं. "अहवाल भरलाय कोणी?"

वनरक्षक भिंतीकडे बघत राहिला. अहवाल भरला त्या दिवशी अकरा फॉर्म होते आणि 'निरंक' त्याच्या हातून शिंकेसारखं निघायचं. शिवाय चौकी म्हणजे कार्यालय. कार्यालयात माणूस राहत नाही, नेमलेला असतो.

"मी," तो म्हणाला.

बायको काहीच बोलली नाही. हे इतकं दुर्मीळ होतं की साहेब लगेच उठले.

"दुरुस्ती करता येईल," दारात ते हळूच म्हणाले. "पण पाहणी नव्याने, काम सहा महिने बंद, आणि चूक तुमच्या सेवापुस्तकात. निवृत्तीला किती राहिले?"

"आठ महिने."

"मग बघा बुवा."

जीप गेल्यावर त्याने अहवाल पुढ्यात ओढला. मग लिहिलं: राहती घरं: एक. बाधित व्यक्ती: एक. स्वतःला त्याने धरलं नाही, तो नोकरीवर होता. शिक्क्याची शाई वाळली होती, दोनदा दाबावा लागला.

आत बायको बादल्या उचलत होती.

"दुरुस्ती केली. नळाला सहा महिने लागतील," तो म्हणाला. "निदान."

त्याने दोन्ही बादल्या तिच्या हातून घेतल्या. "तोवर मी आणतो."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कार्यालयीन वेळेत?"

"आधी आणि नंतर."

तो ओढ्याच्या वाटेला लागला. दहा पावलांतच गुडघा कुरकुरला. आणि हा तर अजून उतारच होता.