पंचवीस किलो वारा

मित्रांनो, मी एक जुना वारामापक आहे. विजयसिंहदादांना भर दुपारी, पंचवीस-तीस कार्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत, पाण्यात पालथं पडावं लागलं ते माझ्यामुळं. पण तसं काही घडलंच नाही. गावात कुणालाही विचारा. दादा पडले नाहीत, त्या दिवशी वारा नव्हता, आणि शिडाची होडी तर आमच्या गावानं जन्मात पाहिलेली नाही. तेव्हा आपणही ते विसरू आणि जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म केजच्या बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत झाला. मला घडवलं वर्षाराणीनं. प्लास्टिकचे दोन चेंडू कापून तिनं मला चार वाट्या दिल्या. बिघडलेल्या पंख्याचं बेअरिंग दिलं. फाटक्या स्पीकरचं लोहचुंबक बसवलं, आणि ते किती वेळा फिरलं हे मोजणारा नखाएवढा सेन्सर. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिशादर्शक शेपूट केलं. त्यावर अजून ‘शुद्ध’ एवढं वाचता येतं. आकडे दाखवायला पाटी हवी होती, ती एका किराणा दुकानाच्या मोडक्या वजनकाट्याची मिळाली. त्यामुळं मी वारा किलोत दाखवतो. गावानं त्याला कधी हरकत घेतली नाही. “आज किती किलो हाय?” असंच विचारायचे.

मी हवा होतो तिच्या काकासाठी. बंकटकाकांचं घर मांजरा धरणाच्या पाण्याच्या अलीकडं, तर रान आणि दोन म्हशी पलीकडं. सडकेनं गेलं तर मोठा वळसा. काकांचा खांदा निखळलेला, वल्हं मारवेना. म्हणून वर्षाराणीनं त्यांच्या पत्र्याच्या होडीला शीड लावलं. शिडासाठी कापड महाग, फ्लेक्स फुकट. गेल्या वर्षीचा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चांगला मजबूत निघाला. अशा रीतीनं दादा हात जोडून रोज दोनदा धरण ओलांडू लागले.

काकांना वारा कळायचा. बोट ओलं करून वर धरायचे, नाक फेंदारायचे आणि म्हणायचे, “आज नको.” पण वर्षाराणीला बोटावर भरवसा नव्हता. तिनं ठरवलं, वारा पंचवीसच्या वर गेला की मी ओरडायचं आणि काकांनी शीड उतरवायचं. ओरडायला मला जीपचा रिव्हर्स हॉर्न दिला.

आता माझ्या शिक्षणाबद्दल. वारा मोजायला शिकवायचं, तर वाऱ्याचा वेग आधी माहीत हवा. वर्षाराणीनं युक्ती काढली. बिनवाऱ्याच्या सकाळी मला परमेश्वरच्या वडापच्या जीपला, टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधलं. केज ते मांजरसुंबा. आत सतरा माणसं. ती पुढं बसून जीपचा काटा बघत होती. काटा चाळीस. घाटात चाळीस, उतारावर चाळीस. “परमेश्वरभाऊ, लई एकसारखी चालवता हो,” ती म्हणाली. परमेश्वर लाजला. सपाट रस्त्यावर मी किती गरगरलो ते तिनं टिपलं आणि मला शिकवलं : बाळा, याला चाळीस म्हणायचं.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ती चहाला उतरली. मी टपावरच होतो. तेव्हा एका प्रवाशानं परमेश्वरला विचारलं, “काटा हालत कावून न्हाई बे?”

“दोन वर्सं झाली अडकून. मघा साठनं पळवली. चाळीस दिसलं की बायाबापड्या निवांत बसत्यात.”

मित्रांनो, हे मी ऐकलं आणि कोंबड्यांनी ऐकलं. दोघांनाही बोलता येत नाही. साठला मी चाळीस म्हणायला शिकलो होतो. म्हणजे तीसला वीस म्हणणार होतो. पंचवीसला ओरडायचं ते साडेसदतीसला ओरडणार होतो.

मग मला होडीवर बसवलं, आणि पुढचे चार महिने माझ्या कौतुकाचे होते. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. “पुतणीनं केलंय. हवामान खात्याकडं बी असलं न्हाई.” हळूहळू त्यांनी बोट ओलं करणं सोडलं. नाक फेंदारणं सोडलं. सकाळी आधी माझी पाटी बघायचे आणि मग निघायचे. मला त्या कौतुकाची भीती वाटू लागली.

मग दादांचा वाढदिवस आला. धरणाकाठी मंडप, केळी वाटप, भाषणं. दुपारी चारला काका आणि भामाकाकू पलीकडून गवताचे भारे घेऊन निघाले. आभाळ तांबूस झालं होतं. मी अकरा दाखवत होतो. खरे साडेसोळा होते.

मधोमध आलो तेव्हा मी अठरा दाखवले. खरे सत्तावीस. होडी एका अंगाला कलली.

“आवं, शीड खाली घ्या,” काकू म्हणाल्या.

“अठराच हाय. पंचवीसला बघू.”

“त्या यंत्राला पवता येत आसंल. मला न्हाई येत.”

“गप बस. आन् काठावर सगळी मानसं हायती. वाढदिसाच्या दिशी दादाला पान्यात झोपवू व्हय?”

बावीस. काठावरचा मंडप एका बाजूनं उचलला गेला आणि केळी वाटणारे कार्यकर्ते दोऱ्यांना लोंबकळले. काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी एका हातानं शिडाची दोरी धरून दुसऱ्यानं तो स्पीकरवर टाकला.

“काका, शीड उतरवा! आत्ताच्या आत्ता!” वर्षाराणी मंडपाशेजारून ओरडत होती.

“बावीस हाय, बाळा.”

“बावीस नाही काका! बावीसला मंडप उडत नसतो. यंत्र चुकतंय!”

काका हसले. चेष्टेनं नाही, मायेनं हसले. “तू केल्यालं कसं चुकंल?”

मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःला उपटून पाण्यात फेकलं असतं. माझ्या वाट्या डोळ्याला दिसेनात इतक्या फिरत होत्या. शेपूट वाऱ्याकडं बोट दाखवून थरथरत होतं. दिशेच्या बाबतीत मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, पण शेपटाकडं कोण बघतं? पाटीवर तेवीस आले. पाणी होडीच्या कडेवरून आत आलं आणि भारे भिजून जड झाले. काकूंनी डोळे मिटले. चोवीस. खरे छत्तीस. दोरीनं काकांचा तळवा सोलला होता, तरी त्यांची नजर माझ्यावरच होती. ते माझ्या तोंडून पंचवीस ऐकायची वाट बघत होते. मीही.

मग पंचवीस आले आणि मी ओरडलो. रिव्हर्स हॉर्नला एकच गाणं येतं, ते मी जीव तोडून गायलो. काठावरचे काही जण सवयीनं मागं बघून बाजूला झाले, जीप येतेय म्हणून. काकांनी शीड वर धरणाऱ्या दोरीची गाठ सोडायला हात घातला, तर ओल्या दोरीची गाठ सुटेना. होडीची कड पाण्याखाली गेली.

भामाकाकूंनी डोळे उघडले, भाऱ्यातला विळा ओढला आणि एका फटक्यात दोरी कापली.

दादा हात जोडून पाण्यात पालथे पडले. होडी दचकून सरळ झाली, अर्धी पाण्यानं भरलेली, आणि हेलपाटत काठच्या बाभळीत शिरली. एका फांदीनं माझी एक वाटी नेली. काकू उतरल्या, पदर पिळला आणि म्हणाल्या, “म्हशींचं गवत भिजलं.” मग खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

कार्यकर्त्यांनी पोहत जाऊन दादांना उताणं केलं, वर फुलं टाकली आणि ‘दादांच्या हस्ते जलपूजन संपन्न’ असा फोटो टाकला. तेव्हापासून दादा पडलेले नाहीत.

काट्याची गोष्ट वर्षाराणीला आठ दिवसांनी कळली. “ताई, विचारायचं न्हाई का मला?” परमेश्वर म्हणाला. काका तिला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी बोट ओलं करून वर धरलं. तिनं ते पाहिलं. मी त्या दोघांच्या मध्ये होतो, म्हणून मला दोघांचे चेहरे दिसले. त्याच दिवशी तिनं मला होडीवरून उतरवलं.

आता मी गोठ्याच्या पत्र्यावर असतो. तीन वाट्यांनी लंगडत फिरतो. पाटी बंद आहे. म्हशी मला काही विचारत नाहीत. मित्रांनो, यंत्राला पुसा, तेल द्या, उन्हापावसापासून जपा, हे सगळं कराच. पण त्याच्या भरवशावर माणूस पाण्यात सोडण्याआधी त्याला खरं बोलायला शिकवा. आणि शिकवणाऱ्याचा काटा हलतो का, ते एकदा बघा.

बाकी माझं म्हणणं थोडक्यात सादर करतो. मा. सक्षम अधिकारी, वारा विभाग, यांस : सदर दिवशी दुपारी चार वाजता वाहिलेला वारा, अर्जदारास योग्य शिक्षण देऊन झाल्यानंतर, त्याच ठिकाणी व त्याच वेगाने पुन्हा एकदा सोडण्यात यावा. होडीत तीच दोन माणसं असावीत. अर्जदार या वेळी साडेबारा आकडे आधी ओरडेल, असे लिहून देत आहे. साडेबारा जमले नाहीत तर निदान बारा. सोबत तीन वाट्या जोडल्या आहेत. चौथी बाभळीवर आहे, ती मागवून घ्यावी, ही नम्र विनंती.