कानवाले

आमच्या ह्यांना सगळे गाव ‘कानवाले’ म्हणते, आणि गेली दोन वर्षे ह्यांना काही ऐकू येत नाही. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

आधी ह्यांचे काम सांगते, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. आमच्या नदीवरचा पूल लोखंडी, सात गाळ्यांचा. लांबून लांबून लोक तो बघायला येतात, त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि जातात. तो उभा आहे रिव्हेटांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडणाऱ्या जाड खिळ्यांवर. डाव्या हाताचे बोट रिव्हेटच्या डोक्याला लावायचे, उजव्या हाताने हातोडी मारायची आणि ऐकायचे. रिव्हेट घट्ट असला तर खणखणीत वाजतो, ढिला असला तर बद्द. बद्द वाजला की त्याच्यावर खडूने फुली मारायची. पस्तीस वर्षे हे पुलाखाली पट्ट्याला लटकून एवढेच करत आले, त्यांच्याआधी माझे सासरे करायचे. डोक्यावरून ट्रक धडधडत गेला तरी ह्यांना बद्द रिव्हेट नेमका कळायचा. म्हणून कानवाले.

बहिरेपण हळूहळू आले. सुरुवातीला मला वाटले, नवराच तो, मुद्दाम ऐकत नसेल. मग एक दिवस मी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि अर्धा तास हाका मारत राहिले. हे बाहेर पेपर वाचत बसले होते. दार उघडून मला पाहिल्यावर माझ्याऐवजी हेच रडायला लागले. “कुणाला सांगू नकोस,” एवढेच म्हणत होते. मी नाही सांगितले. उलट मीच ह्यांना ओठ वाचायला शिकवले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचे, मी आवाज न काढता बोलायचे, ह्यांनी ओळखायचे. शिव्या ह्यांना पहिल्याच आठवड्यात यायला लागल्या. सहा महिन्यांत हे कुणाशीही तोंडासमोर उभे राहून बिनचूक बोलायला लागले. मागून कुणी हाक मारली की मी ह्यांचे कोपर दाबायचे. आमची जोडी इतकी छान जमली की लोक म्हणायचे, ह्या वयात काय प्रेम आहे बघा.

“आणि रिव्हेट?” मी विचारले होते.

“बोट सांगतं ना मला सगळं,” हे म्हणाले. मला ते पटवून घेणे सोयीचे होते. मी पटवून घेतले.

मग पुलाची शंभरी आली. कमिटी बसली, पुलाला रंग लागला, दिव्यांच्या माळा लागल्या. कार्यक्रम असा ठरला की बारा शाळांची बाराशे मुले ढोलाच्या ठेक्यावर पाय जुळवून ह्या काठावरून त्या काठावर जाणार. पूल आला की पलटणसुद्धा कदम तोडून चालते, एका ठेक्याने पूल हेलकावतो, असे मला ह्यांनीच कधीकाळी सांगितले होते. पण कमिटीला फोटो हवा होता. पूल सुस्थितीत असल्याचा दाखला मिळाला तर हरकत नाही, असे वरून उत्तर आले. दोन महिने हे पुलाखाली लटकले, सातही गाळे ठोकून काढले आणि दाखल्यावर सही केली. आमची नात खारू, वय वर्षे नऊ, पहिल्या रांगेत ढोल वाजवणार होती. ह्यांचा स्टेजवर सत्कार होणार होता. सत्कारानंतर हे चकचकीत हातोडीने पुलाचा पहिला रिव्हेट ठोकणार, “खणखणीत!” म्हणणार आणि मुले चालायला लागणार.

कार्यक्रमाला आठ दिवस असताना आम्ही किटली घ्यायला गेलो. जुनी फुटली होती. ह्यांनी चिनी मातीची एक निळी किटली उचलली, बोट लावले, टिचकी मारली आणि दुकानदाराला म्हणाले, “खणखणीत आहे. ही द्या.”

किटली बद्द वाजली होती. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले. घरी येऊन तिच्यात गरम पाणी ओतले तर पोटाखालून बारीक धार लागली, टेबलावरून माझ्या पायावर आली. ह्यांचे बोट त्याच जागी टेकले होते, मी डोळ्यांनी पाहिले होते. मी भाजलेला पाय तसाच ठेवून खुर्चीत बसले.

“पुन्हा तपासा,” मी ह्यांना म्हणाले. “आजारी आहे म्हणा, काहीही सांगा, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.”

“किटली आणि पूल एक आहे का?”

“बोट तेच आहे.”

“अगं, कानवाले बहिरे निघाले म्हणून गावभर हसतील! माझ्या बापाचं नाव आहे त्या पुलावर.”

“तुमची नात असणार आहे त्या पुलावर.”

हे खिडकीकडे तोंड करून बसले. बहिऱ्या माणसाशी भांडायची हीच अडचण. त्याने पाठ फिरवली की आपले सगळे बोलणे वाया.

दुसऱ्या दिवशी मी पुलाच्या ऑफिसात गेले. इंजिनिअरबाई भल्या होत्या, चहा मागवला. मी सरळ सांगितले, ह्यांना ऐकू येत नाही, दाखला खोटा धरा.

बाई हसल्या. “काकू, कालच तासभर बोललोय आम्ही. एक शब्द परत विचारला नाही त्यांनी.”

“ते ओठ वाचतात. मी शिकवलंय. मागून हाक मारून बघा एकदा.”

“घरात काही वाजलंय का तुमचं?” त्यांनी अगदी मायेने विचारले. “शंभरीच्या गडबडीत सगळ्यांचीच डोकी फिरलीत. संचलन आता थांबवायचं म्हणजे मला लेखी कारण लागेल. काय लिहू? बायको म्हणते म्हणून?”

मी इतके चांगले शिकवले होते की आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हते. लेकीला फोन केला, खारूला पाठवू नकोस म्हणाले. “आई, तुला वेड लागलंय का? ती झोपेतसुद्धा ढोल वाजवतेय,” ती म्हणाली. आणि खारूला घरात कोंडले असते तरी बाकीची अकराशे नव्व्याण्णव उरत होतीच. ती काही माझी नव्हती, पण कुणाची तरी होतीच ना. हे मात्र आरशासमोर “खणखणीत” म्हणायचा सराव करत होते, कारण आपला आवाज किती मोठा होतो ते ह्यांना कळत नव्हते. शेजारी बिचारे भिंतीवर टकटक करायचे, तीही ह्यांना ऐकू यायची नाही.

तो दिवस उजाडला. पुलाच्या तोंडाशी स्टेज, स्टेजच्या डाव्या बाजूला मुलांच्या रांगा. खारूने मला पाहून ढोलाची काठी हलवली. ह्यांच्या अंगावर नवा कोट होता. इतके देखणे मी ह्यांना लग्नातही पाहिले नव्हते. हार घातला, टाळ्या झाल्या. ह्यांना त्या हातांच्या हालचालीवरून कळल्या. मग सूत्रसंचालक म्हणाला, आता काकूंनीही दोन शब्द बोलावेत.

मी माईक घेतला. हातात कार्यक्रमाचा छापील कागद होता. तो मी नाकापासून हनुवटीपर्यंत तोंडासमोर धरला आणि ह्यांच्याकडे वळले.

“अहो,” मी म्हणाले, “मी काय बोलतेय ते ऐकू येतंय का तुम्हाला?”

आवाज पार त्या काठापर्यंत गेला. हे कागदाकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, “सगळ्यांची कृपा आहे.”

लोक हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी कागद खाली घेतला नाही.

“आपल्या खारूला ह्या पुलावर जाऊ देऊ, की परत बोलवू?”

“हो, हो. आभारी आहे.”

आता कुणी हसले नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, कागदाच्या कडेवरून माझे तोंड दिसते का ते मान वाकडी करून पाहिले. लहान मूल पडद्यामागे आईला शोधते तसे. ह्यांचे कोपर माझ्या हाताला लागत होते. मी ते दाबले नाही. इंजिनिअरबाई खुर्चीवरून उठल्या, ह्यांच्या पाठीमागे गेल्या आणि जोरात ओरडल्या, “कानवाले!”

बाराशे मुलांनी माना वळवल्या. हे वळले नाहीत.

मग ह्यांना समोरच्या लोकांचे चेहरे दिसले. ह्यांनी हात पुढे करून माझ्या तोंडावरचा कागद हळूच खाली केला. “काय म्हणालीस?” माझ्या ओठांकडे बघत ह्यांनी विचारले.

मी पुन्हा सगळे सांगितले, ह्या वेळी आवाज न काढता, टेबलाशी बसून सांगायचे तसे. हे ऐकून घेत राहिले. मग ह्यांनी चकचकीत हातोडी टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून एकटेच घरी गेले. मुलांना बसमध्ये बसवून परत पाठवले. खारू माझ्याशी बोलली नाही. “आजोबांना रडवलंस तू,” एवढे म्हणाली.

त्याला आज चार दिवस झाले. बाहेरगावाहून तपासणारे आले आहेत, परवापासून पूल ठोकत आहेत. आमची खिडकी नदीवर उघडते. हे सकाळपासून खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, माझ्याकडे पाठ करून. चार दिवसांत एक शब्द बोललेले नाहीत. मी ताट ठेवते आणि उचलते. ठोके मला स्वच्छ ऐकू येतात. खण, खण, खण. प्रत्येक ठोक्याला मनात म्हणते, देवा, सगळे असेच वाजू देत, मी खोटी ठरू दे, गाव मला हसू दे.

आज दुपारी ह्यांनी खुर्ची वळवली. पुलाकडे पाठ केली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मला कळले. मी समोर स्टूल घेऊन बसले.

“खणखणीत,” मी म्हणाले. “खणखणीत. खणखणीत.”

हे मान हलवत होते. असा अर्धा तास गेला असेल. माझे ओठ सुकले. ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता, आणि तो पाहून मला रडू येत होते.

मग एक ठोका बद्द वाजला. तपासणाऱ्याने पुन्हा हातोडी मारली. बद्दच.

तोंडावर हात न्यावा असे फार वाटले. मी नेला नाही.

“बद्द,” मी म्हणाले.

“कितव्या गाळ्यात?” ह्यांनी विचारले.

मी उठून पाहिले, परत येऊन बसले. “तिसऱ्या.”

ह्यांनी डाव्या हाताचे बोट उजव्या मुठीत घट्ट धरले. “तिथे एक मी तीनदा ठोकला होता,” हे म्हणाले. “फुली मारायला खडू हातात घेतला होता मी.”