एकतीस सप्टेंबरला बुडालेलं जहाज

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका खिडकीत, बाप्ये एकमेकांच्या पायावर, आणि स्टेजवर पडद्याआड तारीखबाबा. आपण तारीख सांगायची. बाबा डोळे पांढरे करणार आणि त्या तारखेला जगात आजवर काय काय घडलं ते कानात सांगणार. "साल बदलतं, तारीख बदलत नाही. तिला रक्ताची चटक लागते," म्हणायचा. मग मंतरलेल्या पाण्याची बाटली द्यायचा, कॅलेंडरवर शिंपडायला. शिंपडून शिंपडून आमच्या गल्लीत सगळ्यांचा मार्च एप्रिलला चिकटला होता.

मी हसून सोडून दिलं असतं, पण दाजी तिथे जाऊन आले. भाचीचं लग्न नऊ मेला ठरलेलं. दाजी घरी आले ते घाम पुसतच. "त्या तारखेला जहाज बुडालंय. शहर जळालंय. राजाचं मुंडकं उडालंय. मी नाही पोरगी देत."

"राजाचं उडालं ना, जावयाचं कुठे उडालंय?" बहीण म्हणाली. दाजी ऐकेनात.

आता मी न्हावी. बाबानं प्रत्येकाला बजावलेलं, आपली तारीख फोडाल तर उलटेल. पण वस्तरा गळ्याशी असला की माणूस बोलतोच. गिरणीवाल्याच्या तारखेला जहाज बुडालेलं. पोस्टमनच्याही. मी भाचीला म्हटलं, "पोरी, हे एकच जहाज दिसतंय. रोज बुडतंय बिचारं."

भाची बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. घाबरणं तिला परवडत नाही. ती मला आणि दाजींना घेऊन थेट स्टेजवर चढली आणि पडदा सारला. "बाबा, नऊ मे राहू द्या. लग्न एकतीस सप्टेंबरला केलं तर?"

बाबाचे डोळे पांढरे झाले. "एकतीस सप्टेंबर. अरेरे. जहाज बुडतंय. शहर जळतंय. राजाचं मुंडकं..."

"थांबा," भाची म्हणाली. "मंडळी, जरा मुठी आवळा आणि महिने मोजा."

तुम्हाला माहितीय, मुठीच्या उंचवट्यावर एकतीसचा महिना, मधल्या खड्ड्यात तिसाचा. अख्ख्या हॉलनं मुठी आवळल्या आणि सगळे पुटपुटत मोजायला लागले. बाबानं डोळे जागेवर आणले तर समोर शेदोनशे मुठी.

बाबा खुर्चीमागे गेला. "मारू नका. मला तीनच गोष्टी येतात. जहाज, शहर, राजा. प्रत्येकाला त्याच सांगतो. पाणी नळाचं आहे."

"सप्टेंबर खड्ड्यात आला," पुढच्या रांगेतून गिरणीवाला म्हणाला. त्याचं मोजणं आत्ता संपलं होतं.

मग हॉल जो हसला. बाबा मागच्या दारानं कधी गेला, कुणी बघितलंही नाही.

दाजी खाली बघत म्हणाले, "पण नऊ मेला कुठेतरी काहीतरी वाईट झालंच असेल की गं."

"झालं असेल," भाची म्हणाली. " जग मोठं आहे. रोज कुठेतरी काहीतरी बुडतं आणि रोज माझ्या वॉर्डात पोरं जन्मतात. तारीख यातल्या कशाकडेच बघत नाही. ती नुसती मोजायला असते."

लग्न नऊ मेलाच झालं. नवरदेवाची दाढी मी केली, मुंडकं जागेवर होतं. तेव्हा कुणी तुमच्या तारखेवर बोट ठेवून घाबरवलं, तर आधी विचारा, त्याच तारखेला चांगलं काय झालं? नाही सांगता आलं, तर शांतपणे मूठ आवळा. मोजायला.